गुरांचा ढेकर आणि संशोधनाचे धुरीण

आमच्या भाईंदरास पहांटे दूध दोन वाटांनीं येतें. एक पिशव्यांतून, तें सर्वांच्याच परिचयाचें आहे. दुसरें काशीमिऱ्याच्या बाजूस म्हशींचे जे थोडे तबेले उरले आहेत तेथून. आम्हां तीन बंधूंचीं कुटुंबें एकत्र राहत असल्यामुळें आमच्या घरीं दोन्ही लागतात. पिशवींतील दूध चहाला आणि तबेल्याचें विरजणाला, असा दंडक आमच्या वहिनींनीं, म्हणजे वडील बंधूंच्या कुटुंबानें, घालून दिला आहे, आणि तो मोडण्याचें धैर्य घरांत अद्याप कोणीं दाखविलेलें नाहीं. शाळेची नोकरी संपल्यावर किटली घेऊन तबेल्यावर जाण्याचें काम ओघानेंच मजकडे आलें. भातखाचरें आणि मिठागरें यांच्यामधून जाणारी येथील जुनी वाट ज्यांनीं पाहिली आहे, त्यांना २००२ मध्यें महानगरपालिका झाल्यानंतरच्या या उंच इमारतींच्या गर्दींत असा फेरफटका सुखाचा वाटणार नाहीं. मला मात्र गुरांचा वास आला म्हणजे अजून बरें वाटतें.

गेल्या मार्गशीर्षांत एके दिवशीं माझ्याबरोबर माझ्या पुतण्याची कन्या होती. ती पशुवैद्यकाची पदवी घेऊन आतां पशुपोषण या विषयांत डॉक्टरेटसाठीं संशोधन करते. तिच्या पिशवींत एक चमत्कारिक सामान होतें : म्हशीच्या गळ्यांत अडकवावयाचा पोकळ डबा, त्याला जोडलेली केसासारखी बारीक नळी, आणि त्या नळीचें टोंक जनावराच्या नाकपुडीशीं राहील अशी शिवलेली म्होरकी. डब्यांतील हवा आधींच काढून घेतलेली असते. म्हशीच्या गळ्यांत तो चोवीस तास राहिला, कीं तिच्या श्वासाचा आणि ढेकराचा थोडा थोडा अंश आंत शोषला जातो. तत्पूर्वीं आठ दिवस एक लहानशी पितळी नळी म्हशीला गिळावयास दिलेली असते. तींतून गंधक आणि फ्लोरीन यांचा एक निरुपद्रवी वायु ठरलेल्या वेगानें पोटांत झिरपत राहतो. डब्यांत त्या वायूचें आणि मिथेनचें परस्पर प्रमाण किती, हें यंत्रावर तपासलें म्हणजे म्हशीनें दिवसाकाठीं किती मिथेन बाहेर टाकला याचें गणित सुटतें. हें सर्व तिनें तबेल्याच्या मालकाला समजावून सांगितलें. त्यानें शांतपणें ऐकून घेतलें आणि मजकडे वळून विचारलें, "गुरुजी, म्हैस बिचकली आणि तिनें पान्हा चोरला, तर गिऱ्हाइकांना मी काय सांगूं?"

प्रश्न रास्त होता. अखेर दोन म्हशींवर आधीं करून पहावें असें ठरलें; त्या बिचकल्या नाहींत; आणि पुढील तीन आठवड्यांत अकरा म्हशींचे डबे भरले. ते डबे आज आमच्या घराच्या माळ्यावर, वहिनींच्या लोणच्याच्या बरण्यांशेजारीं आहेत. ते प्रयोगशाळेंत न जातां माळ्यावर कां गेले, हें सांगण्यासाठींच हा लेख लिहावयास घेतला आहे. परंतु त्याआधीं मूळ विषय थोडा उलगडणें अवश्य आहे, कारण गुरांच्या ढेकराचें संशोधन म्हटलें कीं सुशिक्षित माणसेंही हंसतात. मीही हंसलों होतों.

गवत आणि कडबा मनुष्याला पचत नाहीं, गाईला पचतो. याचें श्रेय गाईइतकेंच तिच्या पोटाच्या पहिल्या कप्प्यांत राहणाऱ्या कोट्यवधि सूक्ष्म जीवांना आहे. ते तंतुमय वैरण आंबवून तिच्यापासून गाईला उपयोगीं पडतील अशीं आम्लें तयार करतात. या व्यापारांत हायड्रोजन मोकळा होतो. तो सांचला तर आंबवण्याची क्रियाच मंदावेल. म्हणून दुसऱ्या एका जातीचे सूक्ष्म जीव हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड, म्हणजे आमच्या जुन्या पाठ्यपुस्तकांतील कर्बाम्ल वायु, यांचा संयोग करून मिथेन बनवितात, आणि तो बहुतेक सर्व ढेकरावाटे बाहेर पडतो. लोकांची समजूत तो दुसऱ्या मार्गानें जातो अशी आहे. ती चुकीची आहे. पाणिनीनें रोमन्थ या शब्दापासून 'रोमन्थायते' हें क्रियापद साधण्याकरितां स्वतंत्र नियम केला, आणि वार्तिककारांनीं तेथें जबड्याची हालचाल अभिप्रेत असली पाहिजे अशी पुस्ती जोडली. जनावराच्या मुखाकडे इतक्या बारकाईनें पाहण्याची आमची परंपरा जुनी आहे, एवढेंच येथें म्हणावयाचें.

या मिथेनबरोबर गाईच्या खाद्यांतील शक्तीचा शेंकडा दोनपासून बारापर्यंत भाग हवेंत उडून जातो. म्हणजे हें नुकसान पहिल्यानें गवळ्याचें आहे. दुसरें नुकसान सर्वांचें. मिथेन वातावरणांत सुमारें बारा वर्षेंच टिकतो, परंतु शंभर वर्षांचा हिशेब धरला तर वजनास वजन तो कर्बाम्ल वायूच्या सत्तावीस-अठ्ठावीस पट उष्णता धरून ठेवतो. मनुष्याच्या व्यवहारांमुळें जे उष्णताधारक वायु हवेंत जातात, त्यांपैकीं शेंकडा बारा पशुपालनापासून येतात, असा संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेचा २०२३ मधील अंदाज आहे. मिथेन लवकर विरतो, या एका गोष्टींत आशेलाही जागा आहे. आज तो कमी केला तर आजच्या शाळकरी मुलांच्या हयातींतच त्याचें फळ दिसेल.

हें सारें एका रविवारीं आमच्या घरीं जेवणानंतर चाललें होतें. वहिनी सुपारी कातरीत होत्या. त्या म्हणाल्या, "भाऊजी, मोटारी आणि विमानें उडवायचीं त्यांनीं, आणि धुराचें खापर आपल्या गाईच्या माथीं फोडायचें?"

वहिनींनीं वर्तमानपत्राखेरीज या विषयावर कांहीं वाचलेलें नाहीं. तथापि हाच प्रश्न १९९१ मध्यें दिल्लीच्या अनिल अग्रवाल आणि सुनीता नारायण यांनीं आपल्या निबंधांत विचारला होता. गरिबाच्या भातशेतीचा आणि गुरांचा वायु हा पोटासाठीं निघतो, श्रीमंताच्या मोटारीचा चैनीसाठीं. दोघांना एकाच तराजूंत कसें तोलतां? त्या प्रश्नाचा जोर आजही कमी झालेला नाहीं. २०२१ मध्यें ग्लासगो येथें मिथेन २०३० पर्यंत शेंकडा तीस कमी करण्याची एक जागतिक प्रतिज्ञा निघाली, तिच्यावर पुढें दीडशेंहून अधिक राष्ट्रांनीं सह्या केल्या. भारतानें केली नाहीं. आमचा मिथेन मुख्यतः लहान शेतकऱ्याच्या गोठ्यांतून आणि खाचरांतून येतो, तो त्याच्या निर्वाहाचा भाग आहे, असें कारण सरकारनें दिलें. मला तें पटतें.

परंतु सही न करणें वेगळें आणि अभ्यास न करणें वेगळें. अभ्यास दुसऱ्यानें केला तर काय होतें, याचें एक उदाहरण पहा. वर उल्लेखिलेल्या निबंधाच्याच सुमारास अमेरिकेच्या पर्यावरणखात्यानें असा अंदाज केला होता, कीं भारतांतील भातखाचरांतून दरसाल सुमारें ३ कोटि ७८ लक्ष टन मिथेन निघतो. परदेशच्या थोड्या खाचरांवरील मोजणी आणि त्याला आपल्या भातक्षेत्राचा गुणाकार, अशा पद्धतीचा तो आंकडा होता. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेचे डॉ. ए. पी. मित्र यांनीं १९९१ मध्यें देशांतील अनेक संस्थांचे शास्त्रज्ञ एकत्र करून निरनिराळ्या प्रांतांतील खाचरांवर प्रत्यक्ष मोजणी केली. आंकडा निघाला सुमारें ४० लक्ष टन. म्हणजे पहिल्याच्या जवळजवळ नवव्या हिश्श्याइतका. डॉ. मित्र हे मूळचे वातावरणाच्या अत्युच्च थरांचे अभ्यासक, आणि त्या काळांत देशाच्या वैज्ञानिक संशोधन मंडळाचे मुख्य संचालकही होते. अमुक यंत्र येथें लावा, तमुक पद्धतीनें मोजा, असें दहा संस्थांना सांगण्याचा अधिकार, तशी योग्यता आणि त्यासाठीं वेळ, या तिन्ही गोष्टी एका माणसाच्या ठिकाणीं होत्या, म्हणून तो चुकीचा आंकडा आपल्या खात्यावर कायमचा चढला नाहीं.

आतां गुरांचा हिशेब घेऊं. आंतरराष्ट्रीय हवामान समितीच्या २००६ च्या मार्गदर्शिकेंत ठोकळ मानानें उत्तर अमेरिकेंतील दुभत्या गाईला वर्षाला १२८ किलो मिथेन धरला आहे, आणि भारतीय उपखंडांतील गाईला ५८ किलो. म्हणजे आपली गाय निम्म्याहून कमी दोषी. परंतु त्याच कोष्टकांत तिकडच्या गाईचें वर्षाचें दूध ८,४०० किलो आणि इकडच्या गाईचें ९०० किलो आहे. भागाकार केला तर तिकडे एक किलो दुधामागें १५ ग्रॅम मिथेन आणि इकडे ६४ ग्रॅम. गाय तीच, कोष्टक तेंच, आणि निर्दोष ठरलेली गाय दुसऱ्या ओळींत चौपट दोषी! भाजक कोणता धरावा, हा वरवर अंकगणितांतील किरकोळ प्रश्न. पण त्यावर उद्यां दुधाच्या भुकटीवर जकात बसेल कीं नाहीं, कर्ज कोणत्या डेअरीला मिळेल, हें ठरूं शकतें. भारतांतील गाय शेणही देते, तिचा गोऱ्हा नांगर ओढतो, ती बाजरीचें सरमड आणि भाताचा पेंढा, म्हणजे मनुष्यानें टाकलेलें, खाऊन जगते. हें सर्व दुधाच्या भागाकारांत कोठें बसवावयाचें? ज्या समितींत हें ठरतें तिच्या बैठकीला एखाद्यानें दरवर्षीं जाऊन, मागच्या वर्षीं काय झालें हें स्मरणांत ठेवून, आपल्या गोठ्यांतील मोजणी हातीं घेऊन भांडलें पाहिजे. शेवटच्या जनगणनेप्रमाणें, म्हणजे २०१९ च्या, आपल्याकडे १९ कोटींहून अधिक गाईबैल आणि जवळजवळ ११ कोटि म्हशी आहेत. १९९८ पासून दुधांत आपण जगांत पहिले आहों. एवढ्या मोठ्या गोठ्याच्या वतीनें बोलणारे आपल्याकडे किती, असा प्रश्न मीं नातीला केला. तिनें हाताचीं बोटें मोजलीं, आणि दुसऱ्या हाताची गरज पडली नाहीं. तिची ही गणना अर्थात् तिच्या ओळखीपुरती धरावी.

या बाबतींत एका लहानशा देशाची हकीकत मनोरंजक आहे. न्यूझीलंडची लोकवस्ती पन्नास लाखांच्या आसपास, आणि त्याचे निम्मेअधिक उष्णताधारक वायु शेती व पशुपालन यांतून येतात असें ढोबळ मानानें म्हणतां येईल. २००३ मध्यें तेथील सरकारनें असा विचार केला, कीं या वायूंच्या संशोधनाचा खर्च शेतकऱ्यांकडून गुरांमागें पट्टी बसवून काढावा; सालीना सुमारें ८४ लक्ष न्यूझीलंड डॉलर. शेतकरी खवळले. वर्तमानपत्रांनीं त्या पट्टीला जें नांव दिलें तें या मासिकांत छापण्याजोगें नाहीं, आणि वर सांगितल्याप्रमाणें शास्त्रदृष्ट्याही चुकीचें आहे. शेन आर्डर्न नांवाच्या एका शेतकरी सभासदानें आपला 'मर्टल' नांवाचा जुना ट्रॅक्टर पार्लमेंटच्या पायऱ्यांवर चढविला. पट्टी रद्द झाली. पण गंमत अशी, कीं संशोधन रद्द झालें नाहीं. सरकार आणि पशुपालनावर चालणारे धंदे यांनीं भागीदारीनें एक संशोधनसंघ चालविला, आणि त्यांतून हळूहळू त्या देशांत या एकाच विषयाला आयुष्य वाहिलेले शास्त्रज्ञ निर्माण झाले. कमी ढेकर देणाऱ्या मेंढ्या निवडून त्यांचा वंश वाढविण्याचा प्रयोगही तेथें यशस्वी झाला आहे.

पुढें डिसेंबर २००९ मध्यें कोपनहेगन येथें न्यूझीलंडच्या पुढाकारानें शेतीच्या उष्णताधारक वायूंवरील जागतिक संशोधन-मंडळाची घोषणा झाली. पहिल्या एकवीस राष्ट्रांत भारताचें नांव आहे. जून २०११ मध्यें रोम येथें मंडळाची सनद झाली, आणि आतां सभासद साठांवर गेले आहेत. या मंडळाची रचना ध्यानांत घेण्यासारखी आहे. त्याची स्वतःची मोठी तिजोरी नाहीं. ज्या राष्ट्रानें जें काम उचललें त्याचा भार त्यानें सोसावयाचा. भाताची शाखा जपाननें उचलली, इतर पिकांची अमेरिकेनें, आणि गुरांची न्यूझीलंड व हॉलंड या दोघांनीं. न्यूझीलंडनें आरंभींच साडेचार कोटि न्यूझीलंड डॉलर या मंडळाच्या कामासाठीं बाजूला काढले. या पैशांतून प्रयोग झाले, विद्यार्थी आले, हें खरेंच. पण त्याबरोबर शाखेचें धुरीणत्व करणाऱ्या शास्त्रज्ञाचा वेळही विकत घेतला गेला, आणि मला वाटतें तोच भाग सर्वांत दूरदृष्टीचा होता.

'धुरीण' हा शब्द आपण सभापतींना आणि संपादकांना इतक्या सढळपणें लावतों कीं त्याचें मूळ विसरलों आहों. धुर् म्हणजे जूं. जूं वाहण्यास योग्य तो धुरीण. म्हणजे शब्द मुळांत बैलाचा. आंतरराष्ट्रीय संशोधनाच्या धुरीणाचें काम ऐकलें तर तो अर्थ पुन्हां पटतो. उरुग्वेमधील गाईवर, केनियांतील शेळीवर आणि आमच्या काशीमिऱ्याच्या म्हशीवर केलेली मोजणी एकमेकींशीं ताडून पाहतां यावी, यासाठीं डबा केवढा, नळी किती बारीक, पितळी नळीचा वेग किती दिवस तपासावा, जनावर किती दिवस आधीं त्याच वैरणीवर ठेवावें, हें सर्व कोणीतरी लिहून काढावें लागतें, वीस देशांच्या शास्त्रज्ञांकडून मान्य करून घ्यावें लागतें, आणि कोणी चुकलें तर न दुखावतां सांगावें लागतें. नातीनें वापरलेल्या पद्धतीची अशी मार्गदर्शिका आहे, आणि तीही न्यूझीलंडांतूनच निघाली. या कामांतून शोधाचें श्रेय मिळत नाहीं, बढती मिळत नाहीं. जो करतो त्याचें स्वतःचें संशोधन मागें पडतें. तेव्हां त्याचा पगार कोणी तरी दिला पाहिजे, नाहींतर तो दोन वर्षांत कंटाळतो, आणि दहा देशांचें काम दहा दिशांना जातें.

असे धुरीण आपल्याकडे होत नाहींत असें मुळींच नाहीं. फलटणचें उदाहरण आमच्या वाचकांना विशेष जवळचें वाटेल. तेथें बनबिहारी निंबकर यांनीं १९६८ मध्यें शेतीसंशोधनाची संस्था काढली. त्यांच्या पत्नी जाई निंबकर या लेखिका, इरावतीबाई कर्वे यांच्या कन्या. आणि या दांपत्याच्या कन्या डॉ. चंदा निंबकर यांनीं संस्थेचा पशुविभाग सांभाळला. महर्षि अण्णासाहेब कर्व्यांची पणती मेंढ्यांच्या कळपांत उभी, हें चित्र मला फार आवडतें. आपली दख्खनी लोणंद मेंढी बहुधा एका वेळीं एकच कोकरूं देते. सुंदरबनांतील गरोळ जातीची चिमुकली मेंढी दोन-तीन देते. १७९२-९३ मध्यें कलकत्त्याहून जहाजानें ऑस्ट्रेलियांत गेलेल्या मेंढ्यांबरोबर हा गुण तिकडे पोंचला आणि 'बुरूला' या नांवानें प्रसिद्ध झाला. त्यामागचा जनुकांतील फरक २००१ मध्यें हातीं लागला. ऑस्ट्रेलियाच्या आंतरराष्ट्रीय कृषिसंशोधन केंद्राच्या मदतीनें १९९८ पासून फलटणची संस्था, पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि ऑस्ट्रेलियांतील न्यू इंग्लंड विद्यापीठ यांनीं मिळून तो गुण दख्खनी मेंढींत आणला. त्या वंशाला नारी सुवर्णा असें नांव आहे. एका आईच्या वर्षाच्या चाऱ्यावर, आणि म्हणून तिच्या वर्षाच्या ढेकरांवर, एकाऐवजीं दोन कोकरें वाढलीं तर प्रत्येकाच्या वांट्याला वायु कमी येतो, हें कोणालाही कळेल. प्रयोगाचा हेतु धनगराच्या मिळकतीचा होता, वायूचा नव्हता. तरी फळ दोन्हींकडे आहे. मात्र जुळीं कोकरें जगविण्यासाठीं धनगराच्या हातीं चारा हवा, ही अट विसरतां कामा नये.

मला येथें मेंढ्यांपेक्षां त्यामागील माणसांकडे लक्ष वेधावयाचें आहे. परदेशी मदत कांहीं वर्षांची असते. ती येण्यापूर्वीं कळप उभा करणारें आणि ती संपल्यावर तो विकून न टाकणारें मनुष्य फलटणास होतें. अशींच माणसें उरुळी कांचनलाही होतीं. १९४६ मध्यें गांधीजी तेथें निसर्गोपचारासाठीं राहून गेले आणि मणिभाई देसाई मागें राहिले. १९६७ मध्यें त्यांनीं गोपैदाशीची जी संस्था काढली, ती 'बाएफ' या नांवानें आज अनेक राज्यांत काम करते. कमी गाई आणि गाईमागें जास्त दूध, हा तिचा मार्ग. त्याचा मिथेनशीं संबंध आहे हें मणिभाईंना त्या वेळीं कोणीं सांगितलेंही नसेल.

नवे उपायही देशांत निघत आहेत. बंगळूरच्या राष्ट्रीय पशुपोषण संस्थेनें टॅनिनयुक्त वनस्पतींपासून 'हरित धारा' नांवाचें पूरक खाद्य तयार केलें आहे. त्यानें मिथेन शेंकडा सतरा ते वीस कमी होतो असें २०२१ मध्यें प्रसिद्ध झालें. पेंड, चुणी आणि वैरण यांचें प्रमाण जनावर पाहून ठरविलें, तरी दुधामागील मिथेन दशमांशाहून अधिक घटतो, हा राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाचा अनुभव आहे. आणि आमच्या तबेल्यांची एक रीत अशी, कीं विकत आणलेली ताजी म्हैस एक वेत दूध देऊन भाकड झाली कीं तिची पाठवणी करावयाची. तीन-चार वर्षें तिला वाढविण्यांत जें खाद्य गेलें आणि जो वायु सुटला, तो सारा त्या एका वेताच्या दुधावर चढतो. या निर्दय रीतीविरुद्ध दयेच्या दृष्टीनें पुष्कळ लिहिलें गेलें आहे. नातीला ती वायूच्या हिशेबानें मोजावयाची होती. माझ्या मतें कोणीतरी हें फार पूर्वींच मोजावयास हवें होतें.

आतां माळ्यावरच्या डब्यांकडे वळतों. नातीचे मार्गदर्शक पासष्टीला पोंचले आणि निवृत्त झाले. त्यांचें पद भरलें गेलें नाहीं. ज्या संस्थेंत हें घडलें तिचें नांव मी घेत नाहीं. तशा पुष्कळ आहेत. डब्यांतील वायु तपासण्याचें यंत्र भारी किंमतीचें आहे, आणि तें खरेदी करण्यास पैसा मिळाला होता. नातीची शिष्यवृत्ति दरमहा जमा होते. तिला कागदोपत्रीं एक दुसरे मार्गदर्शकही नेमून दिले आहेत. सज्जन गृहस्थ आहेत, परंतु त्यांचा विषय कोंबड्यांच्या रोगांचा. यंत्राची खोली बंद आहे, कारण तिची जबाबदारी जुन्या मार्गदर्शकांच्या नांवावर होती आणि ती नव्या कोणाच्या नांवावर करण्याचा कागद अजून फिरतो आहे. परदेशांतील सहकाऱ्यांचीं पत्रें जुन्या पत्त्यावर येतात. त्यांच्या संयुक्त प्रयोगाची बैठक गेल्या महिन्यांत झाली, तींत भारताची खुर्ची रिकामी होती. त्या दिवशीं म्हशींच्या कोष्टकाची चर्चा होती.

पैसा जगांत नाहीं असें नाहीं. २०२३ च्या डिसेंबरांत दुबईच्या परिषदेच्या वेळीं केवळ गुरांच्या मिथेनवरील संशोधनासाठीं सुमारें २० कोटि डॉलरांची योजना जाहीर झाली. आपल्याकडेही दानाची परंपरा आहे. मुंबईंत परळला १८८६ मध्यें पशुवैद्यकाचें महाविद्यालय सुरू झालें. तेथेंच बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नांवाचें जनावरांचें रुग्णालय आहे. दात्याला इमारत दिसते, तिच्यावर नांव कोरतां येतें. एखाद्या प्राध्यापकाचा दहा वर्षांचा वेळ विकत घेऊन द्या असें म्हटलें, तर दाता विचारतो, "त्यांत आमचें काय दिसणार?" तरीही १९४५ मध्यें मुंबईची मूलभूत संशोधनसंस्था टाटांच्या पैशानें उभी राहिली ती मुख्यतः डॉ. होमी भाभा या एका माणसावर विश्वास टाकून, हें त्याच शहराचें उदाहरण आहे. पशुपोषणासाठीं, दहा वर्षांच्या मुदतीचें, परदेशीं समित्यांवर बसण्याचें काम कर्तव्यांतच लिहिलेलें असें एक अध्यासन महाराष्ट्रांत कोणी निर्माण करील काय? आमच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांपैकीं दोघांपाशीं मी हा विषय काढला. एकानें लगेच एक नवें यंत्र देण्याची तयारी दाखविली.

वहिनींचा मूळ आक्षेप मावळलेला नाहीं, आणि मावळावा असें मलाही वाटत नाहीं. फक्त परवां त्या नातीला म्हणाल्या, "त्या बैठकीला तुझे सर नव्हते, तर आपल्या म्हशीच्या वतीनें बोललं कोण?" नातीनें सांगितलें, कोणी नाहीं. वहिनी अडकित्ता खालीं ठेवून बराच वेळ कांहीं बोलल्या नाहींत.

डबे फार दिवस ठेवून चालत नाहींत. झडपा कितीही घट्ट असल्या तरी वायु हळूहळू झिरपतो. पुढच्या आठवड्यांत ती ते घेऊन रेल्वेनें दुसऱ्या शहरीं जाणार आहे. तेथील एका प्राध्यापकांनीं आपलें यंत्र दोन दिवस मोकळें ठेवण्याचें कबूल केलें आहे. अकरांपैकीं किती डबे उपयोगीं पडतील, हें तेथें गेल्यावर कळेल. त्या जागतिक मंडळाच्या वतीनें विकसनशील देशांतील विद्यार्थ्यांना कांहीं महिने परदेशीं प्रयोगशाळेंत काम करण्यासाठीं शिष्यवृत्त्या मिळतात, त्यासाठींही तिनें अर्ज केला आहे. मिळाली तर ती जाईल. परत आल्यावर कोणाच्या हाताखालीं काम करावयाचें, हें अर्जांत कोठें विचारलेलें नाहीं.

तबेल्याचा मालक मात्र मला रोज पहांटे किटली भरतांना विचारतो, "गुरुजी, आमच्या म्हशींचा हिशेब लागला का?"